काकींनी 'भर' म्हटलं की

कांदिवलीच्या आमच्या इमारतीत चोवीस बिऱ्हाडं. मे महिन्यात वर्षाचा मसाला कुटून आणला की बरणीत भरण्याआधी प्रत्येक घरातली चिमूट आमच्या शेजारच्या काकींच्या जिभेवर जायची. काकी मालवणच्या. डोळे मिटून क्षणभर थांबायच्या आणि "धणे कच्चे ऱ्हवले गो" म्हणायच्या, किंवा नुसतंच "भर". त्यावर अपील नव्हतं.

मग त्यांच्या हिरड्यांवर फोड येऊ लागले. फुटायचे, सालं निघायची, पुन्हा यायचे. इमारतीने निकाल दिला: मसाले चाखून उष्णता झाली. कुणी सब्जा आणला, कुणी ज्येष्ठमध. दातांच्या डॉक्टरांनी कवळीला दोष दिला. डोळे लाल होऊन खुपायला लागले, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले. घास अडकू लागला, तर तिसऱ्यांनी पित्ताच्या गोळ्या. काकी मला म्हणाल्या, "दात एकाकडे, डोळे दुसऱ्याकडे. टाळका तर माझा एकच आसा ना रे?" एवढी साधी गोष्ट दीड वर्षात तिघांपैकी एकाच्याही लक्षात येऊ नये, याचा मला आजही संताप येतो.

त्याच दिवसांत दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडे हळदीकुंकू होतं. सगळ्या बायकांना दूध स्टीलच्या पेल्यात, काकींना कागदी. लागण होईल म्हणून. काकी तो पेला तसाच भरलेला घरी घेऊन आल्या.

शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी एकाच बैठकीत तोंड उघडायला लावलं आणि पापणीही ओढून पाहिली. हिरडीचा तुकडा तपासायला गेला. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच तोंडातल्या, डोळ्यातल्या नाजूक अस्तरावर उलटते, असा तो आजार. लागण होणारा नाही, मसाल्याचा तर नाहीच. औषधांनी डावा डोळा वाचला. उजव्याची पापणी आतून डोळ्याला चिकटत गेली होती. तो गेला.

पुढच्या मे महिन्यात त्याच वहिनी मसाला घेऊन दारात. "काकी, चाखू नका, नुसता वास घेऊन सांगा ना." मी तिथेच बसलो होतो. काकींच्या जागी मी असतो तर दार लावलं असतं. काकींनी वास घेतला, "भर" म्हणाल्या आणि वहिनींना बसवून कोकम सरबत दिलं. कागदी पेल्यात.

वहिनी पेल्याकडे बघत राहिल्या.

"तुमच्या घरची पद्धत," काकी म्हणाल्या, आणि तो रिकामा होईपर्यंत उरलेल्या डोळ्याने त्यांच्याकडे पाहत बसल्या.