घडीसाजाचे पाद्रीबाबा

"मसीहा केव्हाच येऊन गेला, तुम्ही अजून वाट काय पाहता!" पाद्रीबाबा असे ओरडले की महाल भागातल्या त्या ज्यू घडीसाजाच्या दुकानातली सगळी घड्याळं पाच मिनिटं पुढे जात. तो डोळ्यावरचं भिंग न काढता हसे आणि त्यांच्यासाठी चहा मागवी.

शेजारी माझं सायकलचं दुकान. मी जळून कोळसा व्हायचो. दहा वर्षांत माझ्या आत्म्यासाठी कुणी साधा घसाही खाकरला नव्हता. शेवटी एकदा त्याला विचारलंच, "पाद्रीबाबा एवढे मागं लागून राहिले, तुमाले काही फायदा झाला का जी?"

"आमच्या पणजोबांना आमच्याच प्रार्थनेचं हिब्रू वाचता येत नव्हतं," तो म्हणाला. "ते पाद्र्यांनीच शिकवलं. तेव्हापासून आमची शनिवारची प्रार्थना चुकत नाही."