पार्टनरची शेळी

११ फेब्रुवारी. शिलाई मशीनचा पट्टा आणायला जीपने केजला गेले. शेजारच्या अनोळखी बाईच्या मांडीवर करडू होतं. खड्डा आला की ती त्याचं डोकं तळहातानं झाकायची. तिने अर्धलीने, म्हणजे निम्म्या करडांच्या बोलीवर, सांभाळलेली शेळी आजाराने मेली होती. भरपाई म्हणून हे घरचं करडू शेळीच्या मालकाला द्यायला ती निघाली होती.

मालक स्टँडवर उभाच होता. हाच गडी उद्या आमच्या बचत गटालाही अशाच बोलीवर शेळ्या वाटायला येणार होता.

“आना मावशी, पार्टनर हाव ना आपण?”

“पार्टनर हाव, तर मग निम्मी शेळी तुमचीबी मेली का न्हाई?”

त्याने हसत करडू ओढून घेतलं. मला राहवेना.

“अहो, अर्धलीत मेली शेळी मालकाची जाते!”

“ताई, ते जुनं झालं. ही पार्टनरशिप हाय. रिस्क त्यांची.”

बाई लुगड्यावरचे करडाचे केस झटकत राहिली. माझा मात्र तिळपापड झाला. फायद्यापुरतं पार्टनर म्हणायचं आणि नुकसान बाईच्या पदरात टाकायचं!

१२ फेब्रुवारी. सकाळी मी गटातल्या प्रत्येकीच्या दारात गेले. मेलेली शेळी मालकाची, हे तो चारचौघांत कबूल करेपर्यंत कुणीही दावं हातात धरायचं नाही, असं बजावून आले.