तळातली दिंडं

आमच्या ह्यांचं, म्हणजे समाधानरावांचं, इंदापूर रस्त्याला ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. ट्रॅक्टर दारात यायच्या आत नुसत्या आवाजावरून त्याचा बिघाड सांगणारा माणूस, अशी त्यांची ख्याती. पस्तीस वर्षं इंजिनाला कान लावून त्यांचे कान कामातून गेलेत, हे आमच्या सगळ्या जळोची गावाला ठाऊक आहे. त्यांना एकट्यांना सोडून. दोन वर्षांपूर्वी मी कानाचं मशीन आणून दिलं, ते डबीसकट कपाटात पडून आहे. मला चांगलं ऐकू येतं, तूच पुटपुटतेस, असं त्यांचं म्हणणं. मी तीस वर्षं शाळेत शिकवलंय. मी पुटपुटत नाही.

गॅरेज पुतण्याकडे सोपवल्यावर हे स्वयंपाकघरात शिरले. चहा, पिठलं वगैरे त्यांच्या खिजगणतीत नव्हतं. त्यांना थेट आजीची दिंडं करायची होती.

दिंड म्हणजे गव्हाच्या पोळीत पुरण भरायचं, चारी बाजूंनी घडी घालून बंद करायचं आणि वाफवायचं. ही नागपंचमीची. ह्यांची आजी पुतळाबाई, सणसरची. छप्पन्न साली घराने धम्म घेतला, देव गेले, सणवार गेले, नागपंचमीही गेली. पण पुरणानं काय गुन्हा केलाय, असं म्हणून आजीने दिंडं तेवढी ठेवली आणि उचलून आषाढी पौर्णिमेला नेली. वर्षावास सुरू होतो, विहारात वंदना होते आणि घरी येऊन दिंडं. आजही आमच्याकडे तसंच चालतं.

खरी अडचण आमचे सासरे, साहेबराव. आबा आता अठ्ठ्याऐंशीचे आहेत. दरवर्षी ते दिंडाचा तुकडा तोंडात घालतात, डोळे मिटून चावतात आणि म्हणतात, "बरी झालीत." आमच्या घरात एवढी मोठी नापसंती दुसरी नाही. आईच्या दिंडांना एक वास असायचा, म्हणतात. कसला, ते सांगता येत नाही. मी केलेली "बरी", नणंदांनी केलेली "बरी", आणि ह्यांनी सहा वर्षं केलेलीही "बरी"च. आबा कधी खोटं बोलत नाहीत, हा त्यांचा गुण मला फार जाचतो.

ह्यांनी मात्र हाय खाल्ली नाही. त्यांच्या लेखी हा बिघाड होता आणि तो सापडायलाच हवा होता. एका वर्षी गूळ बदलला, एका वर्षी डाळ. कुकर झाला, इडलीपात्र झालं. पुरण ग्रॅममध्ये मोजलं जाऊ लागलं. यंदा आबांचं खाणं फारच कमी झालं, तसे हे घाईला आले. एकदा रात्री मला म्हणाले, "आबांच्या तोंडून एकदा ऐकायचंय गं, की ही आईची हायत. मग मी हात लावणार न्हाय." मला वाईट वाटलं. पण ऐकायचंय म्हणे, आणि मशीन कपाटात.

म्हणून यंदा सगळं आजीच्या पद्धतीने करायचं ठरलं. सणसरच्या शेतातून उसाचं पाचट आणलं. पितळी पातेल्याच्या तळाला आजीचा ढब्बू पैसा टाकला, त्यावर पाणी ओतलं. पाण्याच्या वर तुरीच्या काड्यांची जाळी, जाळीवर पाचट, पाचटावर दिंडांचे दोन थर. पैशाचं काम सोपं असतं. पाणी उकळतंय तोवर तो तळाशी खडखडतो. गप्प झाला, की पाणी संपलं.

विहारातून आलो, पातेलं गॅसवर चढलं. हे शेजारी स्टूल टाकून, हाताची घडी घालून बसले. मी बाहेरच्या खोलीत आबांजवळ. पैसा छान वाजत होता. अर्ध्या तासाने तो अडखळला आणि गप्प झाला.

मला ऐकू आलं. ह्यांना आलं नाही. आणि मी मुद्दाम गप्प बसले. म्हटलं, आज कळू दे एकदाचं कोण पुटपुटतंय ते.

जरा वेळाने करपल्याचा वास घरभर झाला. हे धडपडत उठले, झाकण काढलं. खालचा थर पाचटाच्या धगीने काळपट पडला होता. वरचा थर शाबूत होता. त्यांचा चेहरा बघून माझी मला लाज वाटली. वरची दिंडं त्यांनी आबांच्या ताटात वाढली, तूप सोडलं. करपलेली चार गुपचूप स्वतःच्या ताटात घेतली.

आबांनी आपल्या ताटाकडे पाहिलं, ह्यांच्या ताटाकडे पाहिलं. मग वाकून ह्यांच्या ताटातलं एक दिंड उचललं. हे "आबा, ते करपलंय" म्हणेपर्यंत तुकडा तोंडात गेला होता. आबांनी डोळे मिटले. बराच वेळ चावत राहिले. मग भरल्या तोंडाने, अगदी हळू म्हणाले, "ही. ही माझ्या आईची."

आबांच्या डोळ्यांत पाणी बघून ह्यांना वाटलं, घास लागला. ते पाण्याचा तांब्या पुढे करत राहिले.

सहा वर्षं ज्या वाक्यासाठी ह्या माणसाने जीव टाकला, ते समोरून गेलं आणि त्याला कळलंसुद्धा नाही. मला भडभडून आलं. मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. मी चेष्टा करतेय असं वाटलं त्यांना. मग ते उठले, हात धुतला, कपाट उघडलं, मशीन कानात बसवलं आणि आबांसमोर येऊन मांडी घातली.

"आबा, परत म्हणा."

आबा एरवी बोललेलं परत बोलत नाहीत. आज बोलले.

"आई कामात असायची. पैसा गप झाला तरी तिला कुठं सवड? तळातली करपायची. चांगली आमाला वाढून ती करपलेली सोताच्या ताटात घ्यायची. मी तिच्याच ताटात जेवायचो." त्यांनी आणखी एक तुकडा मोडला. "ही तिचीच हायत, समाधान."

हे नुसते मान हलवत राहिले.

आबा झोपल्यावर मी ह्यांच्यापाशी कबूल करून टाकलं, की पैसा गप्प झालेला मला ऐकू आला होता आणि मी मुद्दाम बोलले नाही. सवयीने चांगलं खणखणीत सांगितलं.

हे हसले. म्हणाले, "हळू बोल. ऐकू येतंय मला."