फिकट फाइली

त्या दिवशी घरात मी होती, माही सून होती, नात होती, अन् मागच्या गल्लीतली कॉम्प्युटर दुरुस्त करनारी बाई, ती दुपारून आली. बाकी कोनी नाही.

पोरगा गेल्यापासून सून घरीच टायपिंग करते. तेव्हा कॉलेजातल्या एका मॅडमचा मोठा प्रबंध चार महिन्यांपासून टाइप करून राहिली होती. दुसऱ्या दिवशी द्याचा होता. तो गेला असता तर नावही गेलं असतं अन् पुढचं कामही. मशीन जुनं, हापिसातून निघालेलं. सकाळी त्याच्या पडद्यावर लिहून आलं का जागा भरली. सून म्हने, "आता याच्यातलं काय काढू?" अन् नळ आला म्हनून पानी भराले गेली.

मले इंग्रजी येत नाही. माउस चालवाले नातीनं शिकवलं होतं, पत्ते खेळाले. म्हनलं, आपन साफ करून देऊ. जल्मभर दुसऱ्याचे घरं झाडले, हे काय अवघड. उघडून पाह्यलं तर काही फाइली गडद, अन् चार-पाच फिकट, धुऊन धुऊन रंग उडालेल्या लुगड्यासारख्या. जुन्या झाल्या असन म्हनून त्याच काढल्या. मशीन दर वेळी काही विचारे. पत्त्यांत दाबतो तसं दाबलं. कचऱ्याचा डबाही खाली केला.

सुनेनं येऊन मशीन बंद करून चालू केलं. काळा पडदा, अन् पांढऱ्या अक्षरांची एक ओळ.

"आई, याले कोनी हात लावला?"

"म्या लावला. झाडलं."

ती खुर्चीवर बसून राह्यली. चार शब्द बोलली असती तर बरं वाटलं असतं. नात म्हने, "आजी, पत्ते खेळता खेळता तुनं बादशाच उडवला वं."

दुपारी दुरुस्तीवाल्या बाईनं येऊन ती ओळ वाचली अन् मले विचारलं, काय काय काढलं. म्या सांगतलं.

"मावशी, फिकट म्हंजे जुनी नाही. ती लपवून ठेवतेत, कोनी हात लावू नये म्हनून. मशीन चालू झालं का त्याईतली एक साऱ्यात आधी उठते, मंग बाकीच्याईले उठवते."

"मंग मले काहून दिसली?"

"मागं कोन्या मेकॅनिकनं उघडी केली असन, झाकाची राह्यली."

सुनेनं हळूच विचारलं, "लिहिलेलं गेलं का?"

"नसन गेलं. उठवनारं नाही, म्हनून झोपून आहे. माह्याकडं असंच मशीन आहे, त्याच्यातून तशाच फाइली देतो."

"तुह्यं काढून आमाले देशीन, तर तुह्यं कसं चालन?" म्या म्हनलं.

ती हसली. "माह्यं माह्याकडंच राहते मावशी. देल्यानं कमी नाही होत."

मले कुही तालुक्यातलं आमचं खेडं आठवलं. चूल विझली का माय गोवरीचा तुकडा घेऊन विस्तव मागाले जाये. आमी बौद्ध. काही घरचे निखारा वरूनच टाकत, आपला हात आमाले लागू नये म्हनून. माय वाके अन् गोवरीवर झेले. एखाद्या वेळी पायावर पडे. तरी दुसऱ्या दिवशी जाये. लेकराईले जेवाले तर लागते. निखारा देल्यानं त्याइची चूल विझली, असं मात्र कधी पाह्यलं नाही.

बाईनं मशीनीतला, ज्याच्यात सारं लिहिलेलं राहते तो डबा काढून तिच्या घरी नेला, जागा मोकळी केली, अन् तासाभरानं आनून बसवला. पडद्यावर उजेड आला. प्रबंध जसाच्या तसा, शेवटच्या पानावर सुनेनं जिथं थांबवला तिथंच.

"केवढी होती ती उठवनारी फाइल?" म्या विचारलं.

"तुमच्या एका फोटोपेक्षा लहान."

मनात आलं, एवढीशी चीज, कोनाले दिसत नाही, कोनी तिचं नाव घेत नाही, अन् रोज सकाळी साऱ्याईच्या आधी उठते. सून टाइप कराले बसली. म्हने, "आई, चहा ठेवता का?" तवा माह्या जिवात जीव आला.

वाचनाऱ्याले एकच सांगनं आहे. घरी असं जुनं, चालतं मशीन असन तर भंगारात देऊ नका. कोनी मागाले आलं तर त्यातली लागन ती फाइल द्या, अन् हातात द्या.