देव्हाऱ्यातला हवालदार

घरचा माणूस घरात असला की त्याचे किस्से होत नाहीत, त्याच्याशी भांडणं होतात. तो लांब गेला की बघा. त्याची जागा रिकामी पडते आणि रिकाम्या जागेत अडगळ साठते तसे किस्से साठत जातात. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, पलटणीत हवालदार होता. तो तिकडं पठाणांच्या सरहद्दीवर आणि आम्ही हरिहरेश्वरच्या बाजूला. त्यामुळे आमच्या घरी किस्स्यांना तोटा नव्हता. मी मराठी चौथी शिकलेला, तीही मास्तर माझ्या तोंडाला कंटाळले म्हणून सुटली. तेव्हा शुद्धलेखन तुमचं तुम्ही बघा.

* * *

साल तीसच्या आगेमागे असेल. राज्य नबाबाचं, पलटण इंग्रजाची आणि काळजी आमच्या आयेची, असा सगळा कारभार.

दादाची रजा संपली. आम्ही सगळे बैलगाडीतून श्रीवर्धनच्या बंदरावर त्याला पोचवायला गेलो. आगबोट लांब खोल पाण्यात उभी, तिच्यापर्यंत होडीनं जायचं. वहिनीच्या कडेवर चिमी. तिला अजून दात यायचे होते, त्यामुळे दादाचं बोट चावून तिला काही उपयोग होत नव्हता.

आयेनं दादाच्या तळहातावर दही घातलं आणि म्हणाली, "लई थंडी वाजली तर सरळ घरी निघून ये."

दादा म्हणाला, "व्हय आये. साहेबाला सांगतो, आयेनं बोलावलंय."

मग मला बाजूला घेतलं. "गण्या, जन्मभर सगळ्यांची थट्टा केलीस. आता एक काम कर. मी परत येईन तेव्हा पोरगी मला बघून रडता कामा नये. आपल्याला बाप हाय हे तिला विसरू देऊ नको."

"मी हाय ना दादा."

"तू हायस म्हणूनच सांगतोय."

* * *

दादा सुखरूप राहावा म्हणून आयेनं सत्यनारायण बोलला होता. चिमीला चार दात आले तेव्हा त्याला मुहूर्त लागला. भटजी आले, चौरंग मांडला, केळीचे खुंट बांधले आणि विचारलं, "यजमान कुठायत?"

"सरहद्दीवर," मी म्हटलं. "हाक मारू?"

भटजींनी माझ्याकडं दुर्लक्ष केलं. त्यांना सवय होती. ते आयेला म्हणाले, "पुरुष एकटा पूजेला बसला तर बायकोच्या जागी कमरेला सुपारी खोचतो. ती सुपारी म्हणजेच बायको. आता नवऱ्याच्या जागी सुपारी मांडू. देव समजून घेईल."

आमच्या बाजूला सुपारीला काय तोटा. चांगली टपोरी सुपारी आणली, वहिनीच्या शेजारच्या पाटावर मांडली. पूजा सुरू झाली. मला मात्र ते बघवेना. हवालदार माणूस, असा बोडका? मी लाल चिंधीचा फेटा बांधला, समईच्या काजळीनं मिशा ओढल्या आणि सुपारी परत पाटावर ठेवली.

भटजींचा मंत्र अडकला. आयेनं माझ्याकडं असं बघितलं की प्रसाद मिळायची आशा मी सोडली. पण वहिनी हसली. दादा गेल्यापासून पहिल्यांदा. पदर तोंडात कोंबून हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

चिमी तिच्या मांडीवरून वाकून बघत होती. मी म्हटलं, "चिमे, हा तुझा बाबा. सॅल्यूट कर."

तिनं डाव्या हातानं केला. ती डावरीच आहे.

* * *

त्या दिवसापासून सुपारी देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात, कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात राहायला गेली. सकाळी चिमीचा सॅल्यूट, जेवताना तिच्या पानातलं एक शीत. भात खाल्ला नाही तर "बाबा बघतोय हां" म्हटलं की पुरे. वर्षभरात चिमी बोलायला लागली. पाहुण्यांनी विचारावं, "बाबा कुठं गेला गं?" चिमीनं सांगावं, "कुठं न्हाय. देव्हाऱ्यात हाय."

पाहुणे घाबरत. देव्हाऱ्यात म्हणजे काय समजायचं माणसानं.

एकदा मी गोठ्यातून आत येत होतो आणि देव्हाऱ्यापाशी कुणीतरी भांडत होतं. बघतो तर वहिनी, कमरेवर हात ठेवून. "तुमचं काय, फेटा बांधून बसलाय. कौलं सरकलीत, गाय दूध चोरते, आणि भावजी हे असे. सांगा मी कुणाकुणाला पुरी पडू?"

माझी चाहूल लागली तशी पदर ओढून गप्प झाली. दादा घरी असताना आयेच्या देखत ती त्याच्याशी चार शब्द बोललेली मी ऐकली नव्हती. पुढं कधी ती देव्हाऱ्यापाशी उभी दिसली की मी खोकून आत यायला लागलो. आये म्हणाली, "गण्याला दमा झालाय."

* * *

आमच्या शेजारी हसनचाचा. म्हातारपणापर्यंत जहाजावर खलाशी, आणि आता त्यांचा मुलगा आगबोटीच्या बॉयलरपाशी कोळसा ओढत जगभर फिरत होता. चाचा संध्याकाळी काठी टेकत येत आणि चिमीला विचारत, "हवालदारसाब खैरियत?"

चिमी करंडा उघडून बघे आणि सांगे, "खैरियत."

एकदा मी चाचांची फिरकी घेतली. "चाचा, तुमच्या युसूफची पण एक सुपारी करून देऊ? टोपी घालतो तिला."

चाचा हसले. समुद्राकडं बघत म्हणाले, "आमच्यात सुपारी चालत न्हाय रे गणू. आमी नुसती वाट बघतो."

मी त्यांची काठी उचलून हातात दिली आणि त्यांना त्यांच्या पडवीपर्यंत पोचवून आलो. 

* * *

चिमी तीन वर्षांची झाली आणि तो वाईट पावसाळा आला. पावसाळ्यात आगबोट बंद. टपाल डोंगरातून, म्हसळ्यावरून, माणसाच्या खांद्यावर यायचं. आलं तर आलं. सरहद्दीवर पुन्हा गोळीबार चालू झाल्याचं कानावर आलं होतं आणि दादाची काहीच खबर नव्हती. घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मीसुद्धा.

अशात म्हसळ्याचे मामा आले. आयेचे धाकटे भाऊ. पान खाल्ल्याशिवाय त्यांचा शब्द बाहेर पडत नसे आणि पान खाल्ल्यावर तो थांबत नसे. त्यांनी पानाचा डबा ओढला. पान होतं, चुना होता, कात होता, सुपारी संपलेली. सुपारीच्या मुलखात डब्यात सुपारी नाही, यावरून आमच्या घराची काय कळा होती ते ओळखा.

मामांची नजर फिरत फिरत देव्हाऱ्यावर गेली. करंडा उघडाच होता. त्यांनी हात घातला, चिंधी उलगडून फेकली, तिच्या मिशा धोतराला पुसल्या आणि सुपारी अडकित्त्यात धरली.

चिमीनं जी किंकाळी फोडली ती हसनचाचांच्या पडवीपर्यंत गेली. "बाबाला कापतोय!"

मी उठेपर्यंत, वहिनी चुलीपाशी भांडं टाकेपर्यंत, आये पोचलीसुद्धा. जी आये दोन पावलं टाकताना गुडघ्याला हात लावायची, आणि जिनं माझ्या त्या सुपारीच्या खेळाला रोज शिव्या घातल्या, तिनं मामांचं मनगट धरलं.

"ठेव खाली."

"अगं आक्का, सुपारी..."

"माझा लेक हाय तो."

मामांनी त्या दिवशी बिनसुपारीचं पान खाल्लं, तेही पडवीत बसून. आयेनं सुपारी धुतली, पुसली आणि मला हाक मारली, "गण्या, फेटा बांध त्याला. आणि मिशा नीट काढ, मागच्या वेळी वाकड्या झाल्या होत्या."

* * *

पावसाळा सरला, आगबोट सुरू झाली आणि एका दुपारी दादाच अंगणात उभा राहिला. काळा ठिक्कर, गाल आत गेलेले, मिशा मात्र तशाच. आये त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहिली. वहिनी दाराच्या आड. आणि चिमी वहिनीच्या मागं.

दादा खाली बसला, हात पुढं केले. "चिमे, ये."

"हा कोण?"

मी म्हटलं, "तुझा बाबा."

"बाबा देव्हाऱ्यात हाय," चिमी म्हणाली, आणि ओठ काढून रडायला लागली.

दादानं माझ्याकडं बघितलं. सरहद्दीवरच्या पठाणांची मला दया आली. मी कुठं पळावं याचा अंदाज घेत घेत सुपारीची सगळी हकिकत सांगितली. दादानं ऐकून घेतली.  उठला, बूट काढले, टोपी नीट केली आणि देव्हाऱ्यासमोर जाऊन ताठ उभा राहिला. चिमी रडता रडता बघायला लागली.

दादानं करंड्याला कडक सॅल्यूट ठोकला. "हवालदार, घर ठीक?"

 मग चिमीच म्हणाली, "ठीक."

"तुमची ड्युटी संपली. चार्ज माझ्याकडं द्या. मी बदली आलोय."

चिमी पदराआडून बाहेर आली. "बदली म्हंजे?"

"पहाऱ्यावरचा माणूस जागा सोडून हलत न्हाय. दुसरा येऊन चार्ज घेतो, तेव्हाच त्याला जाता येतं. हा लई दिवस उभा हाय. आता ह्याला निजू दे, मी उभा राहतो."

चिमीनं पुष्कळ विचार केला. मग करंड्याचं झाकण लावलं, दादाकडं वळली आणि डाव्या हातानं सॅल्यूट केला.

रात्रीच्या जेवणाला ती त्याच्या मांडीवर होती.

* * *

रजा संपायची ती संपलीच. गाडी जुंपली, वळकटी चढवली. दादा देव्हाऱ्यापाशी गेला, करंडा उघडला. आत सुपारी नाही.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. खरं सांगतो, मी नव्हतो. करंड्याखाली, चौरंगाखाली, उंदराच्या बिळात, सगळीकडं शोधलं. चिमी उंबऱ्यावर बसलेली, डावी मूठ घट्ट आवळलेली.

दादा तिच्यासमोर बसला. "चिमे, बदली कुठाय?"

"न्हाय."

"मग चार्ज कुणाकडं देऊ?"

"कुणी न्हाय घ्यायला," चिमी म्हणाली. "मग तू कसा जाशील?"

 आये भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. अंगणातून गाडीवान ओरडला, "हवालदार, चला, भरती कुणासाठी थांबत न्हाय."

तेव्हा वहिनी पुढं आली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि आयेच्या देखत, माझ्या देखत, गाडीवानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चार्ज माझ्याकडं द्या."

दादा उठला. ताठ झाला. आमच्या गावात कुणी आपल्या बायकोला सॅल्यूट केलेला मी त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही.

चिमी दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिली. मग मूठ उघडून सुपारी दादासमोर धरली. "मग ह्याला तू ने. हितं आई हाय."

दादानं सुपारी घेतली. तिचा लाल फेटा सोडून चिमीच्या हातात दिला. मिशा अंगठ्यानं पुसून काढल्या. वहिनीकडं एकदा बघितलं आणि सुपारी कमरेला खोचली.