क्लचचं पेडल

मंडी मोहल्ल्यातला तो मिस्त्री घरचं मराठी बोलायचा, पण ‘हो ना’ऐवजी त्याच्या तोंडून कन्नड ‘अल्वा’च यायचं. आमच्या अप्पांचा डावा गुडघा गेला तेव्हा त्यांच्या जुन्या ट्रकला त्यानंच ऑटोमॅटिक गिअर बसवला. गिअरचं तेल थंड करायला रेडिएटरकडे नेणारे दोन पाइप सायलेन्सरच्या जवळ जात होते, म्हणून त्यानं ते तीनदा काढून वाकवले. जोडांवरून बोट फिरवून ते कोरडं आहे ना, हे पाहिलं.

क्लचचं पेडल मात्र तसंच ठेवलं.

“आता त्याचं काय काम?” मी विचारलं.

“अप्पांचा पाय ते शोधणारच, अल्वा अक्का? नाही सापडलं तर ब्रेकवर पडेल.”

पहिल्याच वळणावर अप्पांनी ते रिकामं पेडल दाबलं. शेजारी बसलेला मिस्त्री खिडकीबाहेर बघत राहिला.