बाबांनी लॅमिनेट केलेलं पोलीस सर्टिफिकेट

मंडळी, नागपूरहून घरी परतताना बसमध्येच हे लिहितेय.

मला जर्मनीत नर्सची नोकरी लागलीय. त्यासाठी माझ्यावर कुठलाही गुन्हा नाही असं पोलिसांचं सर्टिफिकेट लागतं, आणि ते तिकडे चालावं म्हणून त्यावर सरकारी शिक्का. आज त्या शिक्क्यासाठीच गेले होते.

काउंटरवरच्या बाईंनी कागद उलटा करून नखाने खरवडला. "मॅडम, हे लॅमिनेट काऊन केलं? प्लास्टिकवर शिक्का चालत नाई. नवीन काढून आणा."

मी नव्हतं केलं. घरी, चामोर्शीत, बाबांनी केलं. त्यांचं दहावीचं सर्टिफिकेट वाळवीनं खाल्लं, तेव्हापासून आमच्या घरात जातीच्या दाखल्यापासून माझ्या मार्कशीटपर्यंत सगळं प्लास्टिकमध्ये आहे.

नवीन म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा ठाण्यातून चौकशी, दोन-तीन आठवडे तरी. जर्मनीला कागद पाठवायची मुदत येत्या सोमवारी संपते. रडू येईल असं वाटलं होतं, पण काहीच आलं नाही. बाहेर येऊन चहा घेतला आणि तो गार झाल्यावर प्यायले.

नागभीडजवळ बाबांचा फोन आला. "झालं का बाई काम?"

"झालं," मी म्हटलं.

"मंग घरी आली का तो कागद माह्याजवळ दे. शिक्क्यावर बी प्लास्टिक चढवून ठेवतो. जन्मभर पुरन."

तो कागद आता मांडीवर आहे. दिवसभराच्या प्रवासात त्याला एक सुरकुतीही पडलेली नाही.

चामोर्शीला अजून दोन तास आहेत. तुम्ही बाबांना सांगितलं असतं का?